तेरा नव्हे, बारा

मंगळवार, ८ ऑक्टोबर

१२ सप्टेंबरच्या नोंदीत एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते, मग आजचं लिहिते.

वाचनगृहाच्या स्थापनेची तारीख मी काढली, वितानोवाबाईंना सांगितली आणि त्या काही बोलल्या नाहीत, असं मी तिथं लिहिलंय. हे खरं नाही. त्या बोलल्या. मी म्हटलं, "जुन्या कॅलेंडरची सव्वीस ऑक्टोबर, त्यात तेरा मिळवले, आली आठ नोव्हेंबर." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तेरा?" मी म्हटलं, "हो, तेरा." त्या म्हणाल्या, "बरं," आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरल्या. म्हणजे त्या दोन शब्द बोलल्या आणि माझ्या नोंदीत शून्य आहेत. त्यानं फरक पडत नाही, पण स्वतःच्या वहीत तरी खोटं नको.

दुरुस्ती करताना उगाच धाकधूक झाली, म्हणून तर्क पुन्हा मांडून पाहते. स्थापनेच्या इतिवृत्तात लिहिलंय: "दिमितरच्या सणाला, गवंडी मंडळी गावी परतल्यावर, १८७४." संत दिमितरचा सण २६ ऑक्टोबरचा. तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, नव्यात आणायचं तर दिवस मिळवावे लागतात. किती, ते आईच्या पिढीत कोणालाही विचारा. रशियातली क्रांती झाली पंचवीस ऑक्टोबरला आणि तिची परेड आपल्याकडे निघायची सात नोव्हेंबरला. तेरा.

१९७४ साली शताब्दी मात्र सात नोव्हेंबरला साजरी झाली. बरोबर परेडच्या दिवशी. त्या वेळची पुस्तिका वितानोवाबाईंनी लिहिली होती. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या, नव्या ग्रंथपाल. एक दिवस कुठं गेला असेल ते समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. त्या तारखेवरून गावात त्यांचं नावच 'सातवी' पडलंय. त्या वर्तमानपत्र वाचायला येताना दिसल्या की कॉफीच्या टपरीवरचे म्हातारे अजून ओरडतात, "सातवीबाई, परेड किती वाजता?"

नव्या पुस्तिकेत मी एवढंच लिहिलं: "ही तारीख तत्कालीन राजकीय सोयीसाठी निवडली गेली असावी." 'असावी' लिहिलं, 'होती' नाही. कोणावर अन्याय नको.

आज पुस्तिका छापून आल्या. तीनशे. दीडशेवा वर्धापनदिन ८ नोव्हेंबरला, शुक्रवारी. नगराध्यक्ष रंगेल खूश आहेत. आठ तारखेला देवदूतांचा सण, म्हणजे रंगेल नावाच्या सगळ्यांचा नामदिन. ते म्हणाले, हा निव्वळ योगायोग आहे. मी म्हटलं, हो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

बाबांच्या शेडवर जाऊन आले. वर्धापनदिनाचा दगड आला आहे. पांढरा, खालच्या कोपऱ्यात एक करडी शीर. बाबांनी आजवर फक्त कबरींचे दगड घडवले. चौकात लागणारा हा त्यांचा पहिलाच, आणि डॉक्टर म्हणतात शेवटचा, कारण छातीत धूळ बसली आहे. बाबा म्हणतात, डॉक्टरच्या छातीत काय बसलंय ते कोणी पाहिलंय?

त्यांनी माझा टाइप केलेला कागद बोट ठेवून वाचला.

"हे सगळं तू लिहिलंस?"

"हो."

"आकडापण?"

"तोही मीच काढला." मग मी त्यांना हिशेब समजावला. आमच्या घरात आजवर आठवीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, म्हणून मी अशा गोष्टी सावकाश सांगते.

"तेरा," बाबा म्हणाले.

"हो."

"बरं. आकडा शेवटी कोरतो. आकड्याला हात शांत लागतो."

मला यातलं काही कळत नाही, म्हणून वाद घातला नाही. खिडकीत हिरव्या अंजिरांच्या मुरांब्याची बरणी होती, जांभळ्या शाईची चिठ्ठी लावलेली. कोणी दिली विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक." आई घरी मुरांबा करते तो ते खात नाहीत. हा अर्धा संपला होता.

परत येऊन भाषणाची तयारी. समोर माझी पदवी होती. बाबांनी तिला संगमरवराची चौकट केली आहे. ती भिंतीवर टांगता येत नाही, भिंत पडेल. म्हणून टीव्हीच्या मागे जमिनीवर उभी असते.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

वाचनगृहाच्या संग्रहालयात, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत, काचेच्या पेटीत एक पत्र आहे. आमच्या गावच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं व्हिएन्नाहून पाठवलेलं. वाचनगृह निघाल्याचं कळलं, आनंद झाला, सोबत बारा पुस्तकं आणि एक घड्याळ पाठवतो आहे, वगैरे. वर कोपऱ्यात लिहिलंय '१४/२६ नोव्हेंबर १८७४'. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा मीच त्याची पाटी टाइप केली: "२६ पत्रांपैकी १४वे. उर्वरित २५ पत्रे उपलब्ध नाहीत."

ती पंचवीस पत्रं मी दोन वर्षं शोधते आहे. प्रांताच्या अभिलेखागाराला सहा वेळा लिहिलं. आज उत्तर आलं. पूर्ण उतरवून ठेवते:

"महोदया, आपल्या सहाव्या पत्राच्या संदर्भात. १४/२६ हा क्रमांक नसून दिनांक आहे. त्या काळी परदेशातून लिहिताना जुनी व नवी तारीख अशी शेजारीशेजारी लिहीत. एकोणिसाव्या शतकात दोहोंतील फरक बारा दिवसांचा होता. तेरा दिवसांचा झाला तो १९०० सालापासून. उर्वरित पंचवीस पत्रे अस्तित्वात नाहीत. कृपया शोध थांबवावा."

मी पेटीपुढे जाऊन उभी राहिले. सव्वीस वजा चौदा. बारा. बोटांवर मोजलं. बारा.

मग दिमितरचा सण. सव्वीस अधिक बारा, वजा एकतीस. सात.

तर्नोवोला विद्यापीठात हे दुसऱ्या वर्षी शिकवतात. त्या आठवड्यात मला कांजिण्या झाल्या होत्या. टिपणं मैत्रिणीकडून घ्यायची होती, पण तिलाही कांजिण्या झाल्या. माझ्याकडूनच.

पाटी काढून टाकली.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

झोप नाही. मुद्दा असा आहे. एका दिवसाची चूक लहान असते हे मला मान्य. पण पान चौदावर, तिसऱ्या ओळीत, मी एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंबद्दल छापून ठेवलंय की त्यांनी सोयीसाठी तारीख बदलली. त्यांनी बदलली नव्हती. बरोबर काढली होती. ती बरोबर तारीख नेमकी परेडच्या दिवशी आली, यात त्यांचा काय दोष?

आणि आता ती बाबांच्या शेवटच्या दगडावर कोरली जाणार आहे. ती म्हणजे माझी तारीख.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

नगराध्यक्षांकडे गेले. ते फोनवर कोणाला तरी मेंढ्यांबद्दल सांगत होते: चार कढया कुर्बान, सणाचं मटण, शिजणार, चौकात, सगळ्या गावाला. फोन ठेवून म्हणाले, "बोल झ्लातिना. भाषण दहा मिनिटांच्या वर नको."

मी सगळं सांगितलं. पत्र दाखवलं. ते पत्राकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पटतंय. मग म्हणाले, "घड्याळ कुठं आहे?"

"कुठलं?"

"व्यापाऱ्यानं घड्याळ पाठवलं होतं ना. ते कुठं गेलं?"

"माहीत नाही, साहेब. तारीख सात आहे."

ते खुर्चीत मागं टेकले. "हे बघ मुली. सात नोव्हेंबरला चौकात बँड वाजला की काय होतं, माहीत आहे? तुझा जन्मही नव्हता तेव्हा. मी सहा वर्षं त्या परेडमध्ये झेंडा धरला आहे, पावसात. आता सातला बँड वाजवला तर शेजारच्या ब्रेगोवित्साचे लोक टेकडीवर उभे राहून बघतील आणि म्हणतील, बघा, कालिनेत्सवाल्यांची क्रांती परत आली."

"पण स्थापना सातला झाली."

"झाली असेल. एका दिवसानं काय बिघडतं? त्रिफोनचा सण आपण करतो की नाही फेब्रुवारीत दोनदा? एकाला, मग चौदाला. दोन्ही वेळा पितो. आजवर कोणी तक्रार केली?"

"तो द्राक्षवेलींचा सण आहे, साहेब. हा दगड आहे."

"दगडाला घाई नसते. पुढच्या वर्षी दुरुस्त करू." मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डिसेंबरमध्ये तुझं कायम करायचं आहे ना? मला आठवण आहे. आणि आठ तारखेला माझा नामदिन आहे हा योगायोग आहे, हे लक्षात ठेव."

मी म्हटलं, हो. हे नोंदवून ठेवते, कारण 'हो' म्हणायला नको होतं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आईला सांगितलं. ती भट्टीवर मिरच्या भाजत होती. यंदाच्या शेवटच्या.

"किती लोकांना माहीत आहे?"

"मला. नगराध्यक्षांना. अभिलेखागाराला."

"मग गप्प बस. सुरळीत चाललेल्या कार्यक्रमाचे तीनतेरा वाजवू नकोस."

"तेराच तर चुकलेत, आई."

तिनं मिरचीचं साल ओढलं. "तुला शिकवलं कशाला? शाळेच्या स्वयंपाकघरात मी दोनशे मुलांचं सूप ढवळते. दिवसभर ढवळलं की रात्री पडल्या पडल्या झोप लागते. तुलाही तशी लागावी, पण जरा बऱ्या खुर्चीत बसून, एवढंच वाटत होतं."

बाबांनी जेवताना विचारलं, "आकडा काय म्हणालीस?"

मी म्हटलं, "आठ."

"नक्की?"

मी पाणी प्यायले. ते म्हणाले, छिन्नी धार लावायला दिली आहे, येईल परवा. त्यांच्याकडे अकरा छिन्न्या आहेत.

बुधवार, २३ ऑक्टोबर

शुद्धिपत्राचे चार मसुदे केले. पहिल्यात फक्त "८ ऐवजी ७ वाचावे." ते फारच कोरडं वाटलं. दुसऱ्यात वितानोवाबाईंची क्षमा मागितली, ते दीड पान झालं. तिसऱ्यात कांजिण्यांचा उल्लेख आला. चौथा फाडला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दिमितर. शेडवर गेले तर बाबा दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसलेले. दगडावर गोणपाट. उचलून पाहिलं. सगळी अक्षरं झाली आहेत, सुरेख. "येथे वाचनगृह स्थापन झाले," मग मोकळी जागा, मग "नोव्हेंबर १८७४". मोकळी जागा मोकळीच.

"बाबा, तेरा दिवस राहिलेत."

"आज दिमितर. आजच्या दिवशी गवंडी हत्यार खाली ठेवतो. माझे आजोबा आज घरी यायचे, वसंतात गेलेले. तुझं ते वाचनगृह आजच का काढलं? कारण आज सगळे बाप्ये गावात होते. एरवी गावात बायका आणि गाढवं."

"सोमवारी करणार?"

"सोमवारी बघू. हवेत ओल आहे."

हवेत ओल नव्हती. मला काळजी वाटते. छातीमुळे हात चालत नसेल आणि सांगत नसतील.

रविवार, २७ ऑक्टोबर

मतदान. पुन्हा. मतदान केंद्र वाचनगृहातच असतं, त्यामुळे दिवसभर तिथं. वितानोवाबाई मत देऊन आल्या, वर्तमानपत्र मागितलं. कोणीतरी म्हणालं, "सातवीबाई, कोणाला दिलंत? सांगायला नको म्हणा!" सगळे हसले. मी मतदारयादीत डोकं घातलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आणखी एक दुरुस्ती. ही गेल्या वर्षीच्या वहीतली आहे, ७ नोव्हेंबरची. तिथं मी लिहिलंय: "सकाळी वितानोवाबाईंनी वाचनगृहाच्या पायरीवर शेवंती ठेवली. सात फुलं. क्रांतीसाठी असणार. काही लोक बदलत नाहीत."

आज ते पुन्हा वाचलं. शेवटचं वाक्य माझं आहे, माझ्याच अक्षरात. आणि मेलेल्यांना आपण फुलं सम संख्येत वाहतो. सात ही वाढदिवसाची संख्या आहे. फुलं मोजली ती मीच, लिहून ठेवली तीही मीच.

दर वर्षी त्या दिवशी पन्नासेक लोक त्या पायरीवरून जातात. कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

गावोगावच्या मास्तरांचा, देशाला जागवणाऱ्यांचा दिवस. सभागृहात कविता, नाच, मग नगराध्यक्षांची घोषणा: आठ तारखेच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम गुरुवारी सकाळी दहाला. नर्तक, बँड, पेन्शनर मंडळ, सगळ्यांनी यावं. "आणि झ्लातिना भाषण पूर्ण वाचेल, मी घड्याळ लावून बसेन."

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. गुरुवार म्हणजे सात.

शनिवार, २ नोव्हेंबर

पितरांचा शनिवार. शिजवलेला गहू, वाइन, मेणबत्त्या घेऊन आम्ही स्मशानात गेलो. आई पुढं गेली, आत्याच्या कबरीशी तिचं बराच वेळ चालतं. बाबा माझ्याबरोबर मागं रेंगाळले. त्यांना प्रत्येक दगडाशी थांबायचं असतं. अर्धे त्यांनीच केलेत.

एका जुन्या दगडाशी ते थांबले. एका बाईचा होता, पेना नावाच्या. बाबा म्हणाले, "जवळून बघ."

वाकले. आकड्याभोवती दगड बोटभर खोल होता, तासलेल्यासारखा.

"मी चुकलो होतो," बाबा म्हणाले. "ती गेली नव्वदला, मी कोरलं एक्क्याण्णव. नवा होतो. तिच्या नवऱ्याला दाखवलं, म्हटलं दगड बदलून देतो. तो म्हणाला, राहू दे दोब्री, तेवढंच एक वर्ष जास्त मिळालं तिला."

"मग?"

"मग काय? तो रविवारी यायचा, आकड्यावर टोपी ठेवून बसायचा. एक वर्ष बघितलं मी. मग एका सोमवारी येऊन सगळी ओळ तासली, पुन्हा कोरली."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. कोंबडी आणून दिली." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी दगडाला धरलं. "चूक दगडात गेली तरी काढता येते, झ्लाते. फक्त दगड थोडा पातळ होतो. आधी काढलेली बरी."

हे त्यांनी मला आज का सांगितलं ते कळलं नाही. बहुधा दम लागला होता आणि थांबायला कारण हवं होतं. त्यांनी डॉक्टरकडे जायला हवं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

वितानोवाबाईंशी बोलले. सकाळी वाचनकक्षात आम्ही दोघीच होतो. मी काल रात्री वाक्य पाठ केलं होतं, "मला आपल्याशी एका गंभीर विषयावर बोलायचं आहे." प्रत्यक्षात म्हणाले, "बाई, बारा होतात."

"हो," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालापासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. 'तेरा?' म्हटलं."

"तो प्रश्न होता!"

"मी ग्रंथपाल आहे, मुली. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मी सांगणार. उघडायचं वाचणाऱ्यानं."

मी रडायला लागले. ते त्यांना आवडलं नाही. त्यांनी पिशवीतून रुमाल काढून टेबलावरून माझ्याकडे सरकवला, पुस्तक सरकवावं तसा.

"तेव्हा पार्टीचा सेक्रेटरी मला म्हणाला, शाब्बास, सोयीची तारीख काढलीत," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, काढली नाही, आली. तो हसला. मग नव्वदनंतर, पार्टी गेल्यावर, दुसरे हसायला लागले. तारीख तीच राहिली, हसणारे बदलले."

"आणि फुलं?"

"पेत्को मास्तरांना. वाचनगृह त्यांनी काढलं. म्हणून पायरीवर. वाढदिवसाला माणूस रिकाम्या हातानं जातो का?"

मी म्हटलं, पान चौदावर मी तुमच्याबद्दल लिहिलंय.

"तिसरी ओळ. वाचली." त्यांनी चष्मा पुसला. "'असावी' लिहिलंस. तेवढं बरं होतं."

हे त्या गंभीरपणे म्हणाल्या की टोमणा मारला, मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही शक्यता नोंदवते.

निघताना त्यांनी एक जुनं कार्ड मला दिलं. १९७४ मधलं त्यांचं गणित, सूचिपत्राच्या कार्डावर, जांभळ्या शाईत. २६ + १२ – ३१ = ७. खाली आधार म्हणून तेच व्हिएन्नाचं पत्र, कपाट क्रमांक, खण क्रमांक. दोन वर्षं मी त्या पेटीची काच पुसते आहे. मी विचारलं, तुम्ही अजून हीच शाई वापरता? त्या म्हणाल्या, "चार बाटल्या उरल्या होत्या. कार्डं संपली, आता मुरांब्याच्या बरण्यांवर लावते."

घरी जाऊन आईला विचारायला हवं, आपण त्यांना कधी मुरांबा परत दिला आहे का. शिष्टाचार म्हणून.

"गुरुवारी तालमीला येणार?" मी विचारलं.

"तालमीला नाही," त्या म्हणाल्या. "पण सात तारखेला मी येतेच."

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळी कामावर जायच्या आधी शेडवर गेले. बाबा चहा करत होते. मी दारातच म्हटलं, "सात."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मी कारणांची यादी करून नेली होती, सहा मुद्दे. ती खिशातच राहिली. त्यांनी स्टोव्ह बंद केला, गोणपाट काढलं, ओल्या फडक्यानं मोकळी जागा पुसली. धुळीखाली तिथं पेन्सिलीची रेघ होती, वर आडवी, मग तिरकी खाली, म्हणजे सातच. मी म्हटलं, "हे आधीच आखलं होतं?" ते म्हणाले, "खुणा असतात अशा. सगळ्या दगडांवर असतात."

चाळीस मिनिटं लागली. हात जराही कापला नाही. मी उगाच काळजी करत होते. छिन्नीही तीच होती, जी धार लावायला दिली होती असं म्हणाले होते. खिडकीतली बरणी रिकामी, धुतलेली, त्यात पेन्सिली ठेवल्या होत्या.

झाल्यावर ते बाकावर बसले आणि बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "वाच."

मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी ओठ हलवत ऐकलं. "आता नगराध्यक्षाचं काय करणार?"

"माहीत नाही. डिसेंबरमध्ये बहुतेक नोकरी जाईल."

"दगडाचं काम येतं का तुला?"

"नाही."

"मग नोकरी टिकव," ते म्हणाले आणि हसले. मग पुन्हा खोकला.

दुपारी दोन कामं केली. शुद्धिपत्राचा पाचवा मसुदा. तीन ओळी. "पान १४, ओळ ३ चुकीची आहे. १९७४ सालची तारीख, ७ नोव्हेंबर, बरोबर होती. ती श्रीमती वितानोवा यांनी काढली. चूक माझी आहे. – झ्लातिना दोब्रेवा, सचिव." तीनशे प्रती छापल्या, एकेक पुस्तिका उघडून चिकटवल्या. दोनशे नव्व्याण्णव झाल्या. एक प्रत नगराध्यक्षांनी आधीच नेली आहे.

मग भाषण पुन्हा लिहिलं. मोजून नऊ मिनिटं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता राहिला प्रश्न सांगण्याचा. नगराध्यक्षांना आधी सांगणं हे प्रामाणिकपणाचं. पण आधी सांगितलं तर तालीम होणार नाही आणि सगळे पुन्हा एकत्र येतील ते थेट आठला, मेंढ्यांपाशी. दोन्ही बाजूंचा विचार करून असं ठरवलं: नवं भाषण तालमीतच, सातला, सगळ्यांपुढे वाचायचं आणि त्यांना बंद पाकिटात पत्र द्यायचं, पाच मिनिटं आधी. म्हणजे त्यांना कळवलेलं असेल, आणि वाचायला त्यांना चष्मा शोधावा लागतो. हे पूर्ण प्रामाणिक नाही. नोंदवून ठेवते.

बाबा आणि त्यांचे दोन मित्र दगड त्याच सकाळी ढकलगाडीवरून आणतील, गोणपाट न घालता. बाबा म्हणाले, थंडीत दगड झाकून नेला की त्याला घाम येतो. हे खरं आहे का ते मी तपासलेलं नाही.

येताना बाजारातून शेवंती घेतली, पांढरी. फुलवालीकडे सात मागितली. तिनं आठ बांधली, म्हणाली, एक वर. मी एक काढून परत दिली.

आज मंगळवार, पाच. तारीख तिन्ही कॅलेंडरांवर पाहिली, आईच्या स्वयंपाकघरातल्या, वाचनगृहातल्या आणि फोनवरच्या. यात आता काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही. गुरुवार, ७ नोव्हेंबर, सकाळी दहा.